तीस ठोक्यांचं घड्याळ

१

साल्तो गावात जानेवारीच्या, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्याच्या, दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. जेवणं आटोपली की खिडक्यांच्या लाकडी झडपा खाली येतात, दुकानांची दारं लागतात आणि दोन ते पाच सारं गाव आडवं होतं. जागा राहतो तो एकटा विल्मार इचेगराय. म्हणजे, असं त्याचं म्हणणं.

विल्मारने चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून तो अधिकृतपणे काहीच करत नाही, आणि अनधिकृतपणे, शाळेत असल्यापासूनच, जुनी क्रोनोग्राफ घड्याळं जमवतो. मनगटावर बांधायची, दोन कळांची. वरची कळ दाबली की मधला लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबली की थांबतो, खालची दाबली की टक्कन शून्यावर येतो. वैमानिकांची, मोटारशर्यतीवाल्यांची, तोफखान्यातली, अशी सत्तावीस घड्याळं त्याच्यापाशी होती. एका दंतवैद्याचं उथळ ड्रॉवरांचं जुनं कपाट त्याने त्यांच्यासाठी मिळवलं होतं, आणि त्या कपाटाचा एक कडक नियम होता. चालता काटा ड्रॉवरमध्ये जायचा नाही. थांबवायचा, शून्यावर आणायचा, मगच घड्याळ आत. हा नियम त्याच्या बायकोलाही पाठ होता. नेल्सा धूळ पुसताना एखादं घड्याळ उचलायची, तीही ठेवताना आधी काटा बघायची.

दुपारी नेल्सा आत पलंगावर झोपायची आणि तो बाहेरच्या खोलीत, चामड्याच्या खुर्चीत, डोळ्याला भिंग लावून बसायचा.

"घोरत होतास," पाच वाजता ती चहासारखा प्यायचा कडू पाला, माते, उकळत्या पाण्यात भिजवत म्हणायची.

"मी? मी झोपतच नाही दुपारचा."

"भिंग डोळ्यात, तोंड उघडं. माशी आत जाऊन फिरून बाहेर आली, म्हाताऱ्या."

"डोळे मिटून विचार करत होतो."

"आणि बाही वर करून?" ती हसायची. शाळेची सवय म्हणून विल्मार उकाड्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, मनगटाशी बटण लावून. उजव्या बाहीचं ते बटण उघडं असायचं अलीकडे. तो ते परत लावायचा आणि विषय बदलायचा. माणसाला स्वतःच्या झोपेची इतकी लाज का वाटावी, हे नेल्साला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

२

ही बाहीची गोष्ट नवं घड्याळ आल्यानंतरची.

ते मिळालं नदीकाठच्या एका खेड्यात. तिथला एक दस्तऐवज करणारा वकील दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याची बहीण घर रिकामं करत होती. विल्मार गेला होता दुसऱ्याच घड्याळाच्या नादाने, पण तिने टेबलावर जे मांडलं ते पाहून त्याने खिशातलं भिंग काढलं. डॉक्टरी क्रोनोग्राफ. पोलादी, पांढऱ्या तबकडीचा, कडेने बारीक लाल आकडे. नाडी मोजायचं घड्याळ. काटा सोडायचा, रोग्याच्या मनगटावर तीस ठोके मोजायचे, काटा थांबवायचा. तो ज्या लाल आकड्यावर थांबेल तितकी मिनिटाची नाडी. आकडे दोनशेपासून सुरू होऊन उतरत उतरत वर बाराच्या ठिकाणी तीसवर संपत होते. तीस आणि दोनशे यांच्या मधे थोडी कोरी जागा होती. तिथे आकडा नव्हता, कारण तिथे कुणाची नाडी असत नाही.

असं घड्याळ तो एकवीस वर्षं शोधत होता. त्याच्या कपाटात त्याच्यासाठी एक ड्रॉवर रिकामा ठेवलेला होता.

"न्या हो," बहीण म्हणाली. "आणि ही खुर्चीही न्या हवी तर. तिच्यात कोणी बसत नाही आता."

"मी घड्याळं जमवतो बाई, खुर्च्या नाही," विल्मार म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर एकटाच हसला.

३

घड्याळ घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने संध्याकाळी ड्रॉवर उघडला तर लाल आकड्यांवरचा काटा शून्यावर नव्हता. चौसष्टवर होता. थांबलेला.

आपणच विसरलो, त्याने ठरवलं. शून्यावर आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौसष्ट. तिसऱ्या दिवशी त्रेसष्ट.

गणिताच्या माणसाला एक आकडा दोनदा आला तर योगायोग वाटतो, पण त्याच्याच शेजारचा आकडा आला की तो कान टवकारतो. कळ ढिली असती तर काटा कुठेही थांबला असता. ड्रॉवर आपटल्याने कळ दाबली जाते असं म्हणावं, तर ती दोनदा दाबली जायला हवी, आणि दोन्हींच्या मधे बरोबर अठ्ठावीस सेकंद जायला हवेत. घरात मांजर नव्हतं. मोलकरीण सोमवारीच यायची.

"नेल्सा, तू माझ्या डॉक्टरच्या घड्याळाला हात लावलास?"

"तुझ्या घड्याळांना हात लावून मी कुठे जाऊ?" ती शेंगा सोलत होती. "काय झालं?"

"काही नाही. हात दे जरा."

तिने शेंगांचा ओला हात पुढे केला. "आता लग्नाची मागणी घालणार की काय?"

त्याने काटा सोडला, तिच्या मनगटावर तीस ठोके मोजले आणि काटा थांबवला. सहासष्ट. मग स्वतःची मोजली. ब्याऐंशी.

म्हणजे आकडा तिचा होता. झोपेत नाडी दोन-तीन ठोके उतरतेच. दुपारी, नेल्सा झोपलेली असताना, कोणीतरी तिची नाडी मोजत होतं. हे वाक्य त्याने मनात पूर्ण केलं आणि त्याला इतकी भीती वाटली की तो पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन तिच्याजवळ शेंगा सोलत बसला. डिसेंबरात बाजारात तिला एकदा चक्कर आली होती. उन्हाची, ती म्हणाली होती, आणि दोघांनी ते तिथेच सोडून दिलं होतं.

पुढच्या आठवड्यात काटा अठ्ठावन्नवर आला. मग पंचावन्नवर. मग बावन्नवर.

४

घड्याळजी दानूबिओचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं. दानूबिओ जाडा, दमेकरी आणि बोलका. थर्मास काखेत आणि माते हातात असल्याशिवाय तो कुणाशी बोलायचा नाही, आणि ती दोन्ही बाजूला ठेवल्याशिवाय घड्याळ उघडायचा नाही.

"काटा आपोआप चालतो म्हणतोस?" त्याने मागचं झाकण काढून भिंग लावलं. "मास्तर, हे यंत्र माझ्यापेक्षा निरोगी आहे. आणि खुणा किती! कोणीतरी जिवापाड जपलंय."

घड्याळजी लोकांची ही जुनी रीत. घड्याळ साफ केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. मालकाला ती कधी दिसत नाही. ती पुढच्या घड्याळजीसाठी असते.

दानूबिओने घड्याळ तीन दिवस ठेवून घेतलं, साफ केलं, तेल दिलं, आपली खूण कोरली. तीन दिवसांत काटा शून्यावरून हलला नाही. विल्मारने ते घरी आणलं, आणि त्याच दुपारी काटा पन्नासवर.

त्याने नेल्साला दवाखान्यात नेलं. "रूटीन तपासणी," म्हणाला. डॉक्टरीणबाई त्याचीच विद्यार्थिनी निघाली, भूमितीत दोनदा नापास झालेली. तिने नेल्साच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी काढली आणि ती लांबवर धरून बघितली.

"बहात्तर. ठोका न ठोका जागच्या जागी. बाई आम्हा सगळ्यांना पोचवणार, मास्तर."

"जागेपणी ठीक आहे. झोपेत?"

"झोपेतही हेच हृदय असतं," ती हसली. मग त्याच्याकडे पाहून हसायची थांबली. "तुम्ही बसा ना जरा. रंग उतरलाय तुमचा. तुमचीही पट्टी काढू या."

"मी पेशंट नाही," विल्मार शाळेतल्या आवाजात म्हणाला. तिने तारा गुंडाळायला घेतल्या. त्या आवाजापुढे ती पंधरा वर्षांची असतानाही गप्प बसायची.

बाहेर आल्यावर नेल्साने त्याच्या दंडात हात घातला. "तुला काय झालंय? रात्री उठून माझा श्वास ऐकतोस. मी काही मरत नाहीये."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

मग काय, हे त्याला सांगता आलं असतं. पण सांगितलं तर ती म्हणाली असती, देऊन टाक ते घड्याळ. आणि तेवढंच त्याला ऐकायचं नव्हतं. घराबाहेर काटा हलत नाही, हे तो तीन दिवस पाहून चुकला होता. फेब्रुवारीच्या शेवटी मोंतेविदेओचे संग्राहक त्याच्याकडे येणार होते, त्याचं कपाट बघायला. एकवीस वर्षं रिकामा असलेला ड्रॉवर त्यांच्यासमोर उघडायचा होता. डॉक्टरीणबाईने सांगितलंच आहे की हृदय ठणठणीत आहे, असं तो स्वतःला समजावत राहिला. ही लाजिरवाणी गोष्ट होती आणि त्याला ती लाजिरवाणी वाटतही होती.

५

त्याने घड्याळाला किल्ली देणं बंद केलं. दीड दिवसात ते बंद पडलं, दहा वाजून सात मिनिटांवर. ते त्याने मोज्यात गुंडाळलं, मोजा डब्यात, डबा ड्रॉवरमध्ये. दुसऱ्या दिवशी पाच वाजता डबा उघडला. तास-मिनिटांचे काटे दहा वाजून सात मिनिटांवरच होते. लांब काटा शेहेचाळीसवर होता.

तो तडक दानूबिओकडे गेला. दुपारची झोप नुकतीच सरली होती आणि दानूबिओ दुकानाची झडप अर्धीच वर करून माते पीत होता.

"उघड परत."

"तीनच आठवडे झाले, मास्तर."

"उघड."

दानूबिओने झाकण काढलं. यंत्राकडे त्याने पाहिलंच नाही. झाकण उजेडात धरून तो खुणा वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचा दम्याचा घरघराट थांबला.

"ये इकडे. तूच गणितवाला आहेस." त्याने भिंग विल्मारच्या हातात दिलं. "तारखा बघ."

तारखा बारीक होत्या, वेगवेगळ्या हातांच्या. एकोणपन्नास, चार मार्च. एकोणपन्नास, सव्वीस मार्च. मग अठ्ठावन्नपर्यंत काही नाही. अठ्ठावन्न, नऊ ऑगस्ट. अठ्ठावन्न, एकतीस ऑगस्ट.

"ही माझ्या बापाची खूण," दानूबिओ बोटाने न शिवता दाखवत म्हणाला. "एकाहत्तर, मे महिन्यात दोनदा. आणि ही पायसांदू गावच्या घड्याळजीची, दोन वर्षांपूर्वीची. दोनदा." त्याने झाकण टेबलावर ठेवलं. "लोक चार-पाच वर्षांनी घड्याळ साफ करायला आणतात. इथे जो आला तो तीन आठवड्यांत दोनदा आला. तिसऱ्यांदा कोणीच आलं नाही."

"दुसऱ्या वेळी दुरुस्त झालं असेल."

"पहिल्या वेळीच बिघाड नव्हता, विल्मार."

चाळीस वर्षांत दानूबिओने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. मास्तर म्हणायचा.

"माझी एक खूण आहे यात," दानूबिओ म्हणाला. "दुसरी मी करत नाही. झाकण असंच लावतो. आयुष्यात पहिल्यांदा. तू हे इथेच ठेव, नाहीतर धक्क्यावरून नदीत फेक. नेल्साची शपथ आहे तुला."

नेल्साचं नाव निघाल्यावर विल्मारचे डोळे भरून आले. तरीही त्याने घड्याळ उचललं आणि खिशात टाकलं. उद्या फेकतो, तो म्हणाला. इतकी चांगली तबकडी पुन्हा जन्मात मिळायची नाही, हे तो म्हणाला नाही, पण दानूबिओला ते ऐकू आलं. त्याने पाठ वळवली आणि थर्मासचं झाकण उगाचच फिरवत उभा राहिला.

६

उद्या म्हणजे बुधवार. सकाळी नेल्साला नारळाच्या वड्यांसाठी साखर हवी होती, मग नळ दुरुस्त करायला माणूस आला, मग जेवायची वेळ झाली. संध्याकाळी ऊन उतरलं की धक्क्यावर जायचं, असं विल्मारने ठरवलं. या वेळी त्याने खरोखरच ठरवलं होतं.

पण त्याआधी एक दुपार होती.

त्याने चामड्याची खुर्ची ओढत आतल्या खोलीत आणली आणि पलंगाशेजारी लावली.

"हे काय नवीन?" नेल्सा कुशीवर वळत म्हणाली.

"तू झोप. मी इथे बसतो."

"इथे घोरणार?"

"मी झोपत नाही, सांगितलं ना."

"बरं बाबा, विचार कर." ती हसली, दोन्ही तळवे गालाखाली घेतले आणि थोड्या वेळात तिचा श्वास संथ लयीत चालू लागला. 

खोलीत झडपेच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या येत होत्या, पलंगाच्या पायापासून खुर्चीच्या हातापर्यंत. विल्मारने घड्याळ डाव्या मुठीत घट्ट धरलं होतं. किल्ली न दिलेलं, बंद. उजवा हात खुर्चीच्या हातावर. नजर नेल्साच्या मनगटांवर. ती गालाखाली अर्धी दिसत होती. जे काही येईल ते आधी आपल्या डोळ्यांसमोर येईल, त्याने विचार केला. आपण त्याला हटकू. काय म्हणून हटकायचं ते त्याला सुचत नव्हतं.

बाहेर काही वाजत नव्हतं. पाण्याच्या टाकीत थेंब पडायचा, तोही नळवाल्याने सकाळी बंद केला होता. उकाड्याने त्याचं डोकं जड झालं. एकदा मान पुढे गेली आणि त्याने ती सावरली. सावरली असं त्याला वाटलं.

मग त्याच्या मुठीत कळ दाबली गेली.

त्याने ती दाबली नव्हती. बंद घड्याळ मुठीत टिकटिकायला लागलं आणि लांब काटा निघाला. त्याच वेळी खोलीत मोजणं सुरू झालं. आवाज असा नव्हता. रोग्याला कळू नये म्हणून डॉक्टर ओठांतल्या ओठांत मोजतो, तसं. एक. दोन. तीन.

विल्मारने नेल्साच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे गालाखालीच होते. तिथे कोणी नव्हतं, काही नव्हतं. ती शांत झोपली होती आणि तिच्या मानेवरची शीर झपझप, नीट उडत होती. त्याने ते ठोके मोजले. मोजणारा नऊवर होता तेव्हा नेल्साचे सोळा झाले होते.

दोन्ही जुळत नव्हते.

इतका आनंद त्याला आयुष्यात क्वचितच झाला असेल. तिचा नाही! आकडा तिचा नाही! तो उठून तिला हलवणार होता, सगळं सांगणार होता. उठता आलं नाही. तेव्हा त्याने मान न हलवता नजर खाली नेली, स्वतःच्या उजव्या हाताकडे.

बाहीचं बटण उघडं होतं. बाही कोपरापर्यंत नीट दुमडलेली होती, दवाखान्यात दुमडतात तशी. उजेडाची एक पट्टी मनगटावर पडली होती आणि त्या पट्टीत, अंगठ्याच्या बाजूला, कातडीवर दोन खळगे पडले होते. कणकेत बोटं रुतावीत तसे. शेजारी शेजारी, पांढरे पडलेले. त्यांच्यात बोटं नव्हती. खळगे किंचित हलले, एकदा, जास्त नीट जागा शोधावी तसे, आणि पुन्हा रुतले.

वीस. एकवीस.

मुठीच्या फटीतून त्याला तबकडी दिसत होती. काटा चाळीसवरून गेला. पस्तीसवरून गेला. बाविसावा ठोका यायला फार वेळ लागला. पट्टी काढू या, डॉक्टरीणबाई म्हणाली होती. मी पेशंट नाही, तो म्हणाला होता. ब्याऐंशी त्याने मोजली ती जागेपणी, घाबरलेल्या माणसाची होती. झोपेतली नाडी मोजायची तर आधी आपण झोपतो हे कबूल करायला हवं होतं. उत्तराची सुरुवातच त्याने चुकीची धरली होती, आणि पोरांना तो याच चुकीसाठी बाकावर उभं करायचा.

तेवीस.

काटा बाराच्या ठिकाणी आला, तीस या शेवटच्या आकड्यावरून गेला आणि कोऱ्या जागेत शिरला. मोजणाऱ्याला घाई नव्हती.

७

नेल्सा उठली तेव्हा झडपेतल्या पट्ट्या भिंतीवर चढल्या होत्या. तिने खुर्चीकडे पाहिलं. मान छातीवर, तोंड उघडं.

"झोपत नाही म्हणे," ती हलकेच म्हणाली.

विल्मारला तिचा आवाज येत होता. लांबून, विहिरीच्या काठावरून कोणी बोलावं तसा, पण शब्द न शब्द येत होता. तिला हाक मारायची होती. मनगटावरची बोटं अजून सुटली नव्हती. एकोणतीस होऊन किती वेळ झाला, हे त्याला सांगता आलं नसतं, पण तिसावा अजून बाकी होता आणि काटा चालत होता.

"झोप, म्हाताऱ्या. रात्ररात्र जागतोस, झोप." तिने त्याची दुमडलेली बाही खाली केली आणि बटण लावलं. "हात केवढा गार पडलाय तुझा."

मग तिला त्याच्या मुठीतलं घड्याळ दिसलं. पडून फुटेल म्हणून तिने एकेक बोट उघडून ते काढून घेतलं. काटा फिरत होता. तीस वर्षांत या घरात चालता काटा ड्रॉवरमध्ये गेला नव्हता, आणि तिच्या हातून तर नक्कीच जाणार नव्हता. तिने वरची कळ दाबून तो थांबवला. खालची दाबून शून्यावर आणला.

बाहेरच्या खोलीत जाऊन तिने ते त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि मातेसाठी पाणी तापत ठेवलं.